वर्सोव्याचा रविवार

मुंबईतल्या वर्सोव्याला कोळ्यांची जुनी वस्ती आहे, खाडी आहे, तिवरांची झाडी आहे आणि साधारण अडीच किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे. 2015 साली या किनाऱ्यावर वाळू दिसत नव्हती. काही ठिकाणी गुडघाभर कचरा साचला होता. पिशव्या, चपला, बाटल्या, फाटके कपडे, तुटकी जाळी असे सगळे त्यात होते, आणि दुर्गंधी अशी की समोरच्या इमारतींतले लोक खिडक्या बंद करून बसत.

त्या वर्षी अफरोज शाह नावाचे एक तरुण वकील तिथे राहायला आले. खिडकीतून रोज तेच दृश्य. आपल्यापैकी बहुतेकांनी काय केले असते? महापालिकेला शिव्या दिल्या असत्या, फार तर एखादा अर्ज केला असता. शाह यांनी ऑक्टोबरमध्ये हातमोजे घातले आणि कचरा उचलायला सुरुवात केली. सोबतीला एकच माणूस होता, शेजारी राहणारे 84 वर्षांचे हरबंश माथूर. एक चौऱ्याऐंशीचा आणि एक तिशीतला, एवढीच ती संघटना! ना अध्यक्ष, ना पावतीपुस्तक.

मग शाह घरोघरी गेले. किनाऱ्याजवळच्या झोपड्यांत गेले, कोळी बांधवांकडे गेले. आठवडी सुट्टीच्या दिवशी थोडा वेळ द्या, एवढेच मागणे. हळूहळू माणसे येऊ लागली. शाळकरी मुले, गृहिणी, मच्छीमार, चित्रपटातली मंडळीसुद्धा आली. दोन वर्षांच्या आत 50 लाख किलोंहून अधिक कचरा निघाला. 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण विभागाने शाह यांना ‘चॅम्पियन ऑफ द अर्थ’ हा सन्मान दिला. किनाऱ्यालगतची सार्वजनिक शौचालये या मंडळींनी स्वतः घासली, नारळाची रोपे लावली. शौचालयाचा मुद्दा मला सन्मानापेक्षा मोठा वाटतो. फोटोसाठी झाडू धरणारे पुष्कळ असतात, शौचालयात शिरणारे थोडे.

पण सारे गोडच घडले असे नाही. गोळा केलेला कचरा वेळेवर उचलला जाईना, त्याचे ढीग किनाऱ्यावरच पडून राहू लागले. स्वयंसेवकांना शिवीगाळ झाली. नोव्हेंबर 2017 मध्ये शाह यांनी काम थांबवल्याचे जाहीर केले. दोन वर्षे फुकट राबलेल्या माणसाने हात टेकले, ही बातमी वाचून पुष्कळांना लाज वाटली असणार. लोक आणि सरकार दोघेही हलले आणि काही दिवसांनी काम पुन्हा सुरू झाले.

त्यानंतर चारच महिन्यांनी, मार्च 2018 मध्ये, त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची सुमारे 80 पिल्ले बाहेर आली. कासवाची मादी वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते. पुढचे साधारण दीड-दोन महिने त्या अंड्यांना वाळूची ऊबच पोसते. जिथे वाळूच उरलेली नाही, तिथे ती येणार कशी? वर्सोव्याला कित्येक वर्षांत कुणी अशी पिल्ले पाहिली नव्हती. ती समुद्रापर्यंत पोहोचेपर्यंत स्वयंसेवकांनी कुत्र्यांपासून त्यांची राखण केली. आपल्या कोकणातल्या भगिनींना हे नवे वाटणार नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासचे गावकरी अनेक वर्षांपासून कासवांची घरटी सांभाळत आहेत.

समुद्रातला कचरा येतो तरी कुठून? बराचसा घरातून. गटारात पडलेली पिशवी नाल्यात जाते, नाला खाडीत जातो, आणि भरतीची लाट तीच पिशवी पुन्हा किनाऱ्यावर आणून टाकते. पावसाळ्यात तर आज साफ केलेली जागा उद्या पुन्हा भरते. म्हणून नुसते उचलून भागत नाही, हे शाह यांच्या लवकरच ध्यानात आले. ते वस्त्यांमध्ये जाऊन घरातच कचरा कमी कसा करायचा, हे सांगू लागले.

दुधाच्या पिशवीचेच घ्या. आपण कात्रीने तिचा कोपरा पूर्ण कापून टाकतो. पिशवी भंगारवाला नेतो, पण तो नखाएवढा तुकडा कोण वेचणार? तो केरात जातो, नाहीतर मोरीतून थेट गटारात. कोपरा थोडासा चिरून पिशवीलाच लटकत ठेवला तर तोही तिच्याबरोबर जातो. याला पैसा लागत नाही, वेळ लागत नाही. महाराष्ट्रात 2018 मध्ये प्लास्टिकबंदी आली, पण या तुकड्यावर कुठला कायदा चालणार?

मागच्या रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्यातल्या पाच घरांनी ठरवले की मशिदीत इफ्तारी पाठवायची ती थर्माकोल-प्लास्टिकमधून नाही, स्टीलच्या ताटांतून. ठरवले पुरुषांनी. पहिल्या चार दिवसांतच प्रश्न आला की ताटे घासायची कुणी? दिवसभर रोजा, त्यात भजी-समोसे तळायचे, मगरिबची नमाज, आणि वर ही चाळीस ताटे! माझ्या सासूबाई स्पष्टच बोलल्या, “पर्यावरण तुमचं आणि घासणी आमची, हे चालणार नाही.” पर्यावरणाच्या गोष्टी करणाऱ्या भाऊसाहेबांनी हे वाक्य जरूर ऐकावे. कागदी आणि प्लास्टिकच्या वस्तू घरात शिरल्या त्या उगाच नाही. बाईचे कष्ट कमी झाले म्हणून शिरल्या. त्या बाहेर काढायच्या तर ते कष्ट सगळ्यांत वाटले गेले पाहिजेत.

शेवटी मशिदीच्या नळावर तरुण मुलांची पाळी लावली. सुरुवातीला नळ सोडून ठेवून घासत, तेव्हा वुजूखान्यात बसलेल्या एका बुजुर्गांनी कान उपटले. मग बादलीत पाणी घेऊन घासू लागले. माझा धाकटा, ज्याने घरी कधी पेला विसळला नव्हता, तोही आठवड्यातून दोनदा जायचा आणि बाह्या भिजवून परत यायचा.

ईदनंतर ताटे मोजली तर दोन कमी भरली. अजून सापडलेली नाहीत, आणि सासूबाईंचा संशय तिसऱ्या मजल्यावर आहे.