डोक्याची कातडी सोलून निघाली तर

मळणी यंत्राच्या फिरत्या दांड्यात वेणी अडकते आणि क्षणात डोक्याची कातडी केसांसकट सोलून निघते. कातडीच्या पाच थरांपैकी चौथा सैल असतो. ती तिथूनच सुटते. रक्तवाहिन्या घट्ट तंतूंत धरलेल्या असल्याने आकसत नाहीत, म्हणून रक्त भळाभळा वाहते. आधी स्वच्छ कापडाने जखम दाबून धरा.

लहान जखमेच्या कडा ओढून टाके घालता येतात. कवटीवरचे पातळ आवरण शाबूत असेल, तर मांडीची पातळ त्वचा तिथे रुजते; पण तिच्यावर केस उगवत नाहीत. हाड उघडे पडले असेल, तर शेजारची कातडी रक्तपुरवठ्यासह सरकवून आणतात. जखम फारच मोठी असली, तर पाठीचा स्नायू आणून सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडतात.

सर्वांत चांगले म्हणजे निघालेली कातडीच परत बसवणे. अशी पहिली यशस्वी जोडणी १९७६ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली. जोडणी जमली, तर केसही पुन्हा वाढतात. म्हणून निघालेली कातडी फेकू नका. ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, पिशवीत बंद करा आणि पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. कातडी थेट बर्फावर नको. जखमीसोबतच ती रुग्णालयात न्या.

आणि यंत्राजवळ जाण्याआधी केस घट्ट बांधून डोक्याला रुमाल गुंडाळाच.