विश्लेषण : नवे दुकान सुरू करताय? भाडेकरारावर सही करण्याआधी ‘हा’ आकडा काढा

दसरा किंवा पाडव्याचा मुहूर्त गाठायचा म्हणून अनेक जण आधी गाळा पक्का करतात, अनामत भरतात, फर्निचरवाल्याला आगाऊ रक्कम देतात आणि हिशेब नंतर करतात. मात्र दुकान चालणार की नाही, हे बऱ्याच अंशी शटर उघडण्याआधीच ठरलेले असते. हिशेब चुकला तर जाते ती घरातली बचत, मोडलेली एफडी किंवा गहाण ठेवलेले दागिने. शहराच्या उपनगरात किराणा दुकान सुरू करण्याचे एक उदाहरण घेऊन हे गणित समजून घेऊ. यातील रकमा नमुन्यादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या भागातील आकडे त्यात घालावेत.

रोजची विक्री किती हवी?

दुकानाचा दरमहा ठरलेला खर्च असा धरू :

- भाडे : २५,००० रुपये
- मदतनिसाचा पगार : १४,००० रुपये
- कर्जाचा हप्ता : १०,००० रुपये
- वीजबिल : ४,००० रुपये
- इतर किरकोळ खर्च : ३,००० रुपये
- मालकाचा घरखर्च : २५,००० रुपये

एकूण ८१,००० रुपये. शेवटची ओळ अनेक जण गाळतात. पण घरखर्च धरला नाही, तर तो गल्ल्यातून जातो आणि माल भरायला पैसे उरत नाहीत.

विक्रीवर सरासरी १५ टक्के नफा सुटतो असे मानले, तर ८१,००० रुपये निघण्यासाठी महिन्याला ५ लाख ४० हजारांची विक्री हवी. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज सुमारे २०,८०० रुपये. एका ग्राहकाचे सरासरी बिल २५० रुपये असेल, तर रोज किमान ८३ ग्राहक यायला हवेत. एवढ्यात दुकान फक्त ‘ना नफा, ना तोटा’ या पातळीवर येते.

चूक कुठे होते?

पहिली चूक भाड्यात. ‘मोक्याची जागा आहे, १५ हजार जास्त गेले तरी चालतील,’ असे वाटते. पण भाडे ४०,००० झाले की आवश्यक विक्री ६ लाख ४० हजारांवर जाते. म्हणजे १५ हजारांच्या भाडेवाढीसाठी विक्री १ लाखाने वाढवावी लागते.

दुसरी चूक नफ्याच्या टक्केवारीत. १०० रुपयांना घेतलेली वस्तू ११५ रुपयांना विकली, तर विक्रीवरचा नफा १५ नव्हे, सुमारे १३ टक्के होतो. गणित विक्रीवरच्या टक्केवारीनेच करायचे.

तिसरी चूक सवलतीत. शेजारच्या सुपरमार्केटशी स्पर्धा म्हणून दर कमी केले आणि नफा १२ टक्क्यांवर आला, तर तोच खर्च भागवायला ६ लाख ७५ हजारांची विक्री लागते.

जागा कशी तपासायची?

८३ ग्राहकांचा आकडा हातात आला की त्या जागी उभे राहून माणसे मोजावीत. एक कामाचा दिवस आणि एक रविवार. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी एकेक तास. किती जण नुसते जातात आणि किती जण जवळच्या दुकानांत थांबतात, हे वेगळे लिहावे. कामावरून घरी परतणारे लोक रस्त्याच्या कोणत्या बाजूने येतात, दुचाकी लावायला जागा आहे का, समोर दुभाजक आहे का, हेही पाहावे. त्याच गाळ्यात आधी कोणते दुकान होते आणि ते का बंद झाले, हे शेजारच्या दुकानदारांना विचारावे.

भाडेकरारात काय पाहावे?

- महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाडेकरार किंवा लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणीची जबाबदारी गाळामालकाची असते.
- मंजूर नकाशात जागेचा वापर व्यावसायिक आहे का, वीजबिल किंवा मालमत्ता कर थकीत आहे का, हे तपासावे.
- ‘लॉक-इन’ कालावधी किती आणि त्याआधी दुकान बंद केल्यास अनामतीचे काय होईल, हे करारात स्पष्ट हवे.
- दरवर्षीची भाडेवाढ आधीच ठरवून घ्यावी. फर्निचरच्या कामासाठी एखादा महिना भाडेमाफी मागता येते.
- गाळामालक जीएसटी नोंदणीकृत असेल तर भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. २५,००० चे भाडे २९,५०० होते.

परवाने कोणते लागतात?

दोन-तीन कामगारांच्या दुकानाला दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ नुसार नोंदणी प्रमाणपत्राची गरज नसते. व्यवसाय सुरू झाल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यावी लागते. पाटीवरील नाव देवनागरी लिपीत मराठीत आणि सुरुवातीला असावे. त्याची अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत.

खाद्यपदार्थ विकण्यासाठी उलाढालीनुसार ‘एफएसएसएआय’ची नोंदणी किंवा परवाना लागतो. वजनकाटा वैधमापन विभागाकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो.

महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्यांना वार्षिक ४० लाखांच्या उलाढालीनंतर जीएसटी नोंदणी करावी लागते. आपल्या उदाहरणातील दुकान वर्षाला सुमारे ६५ लाखांवर जाते. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांसाठी कंपोझिशन योजना आहे. त्यात करपात्र विक्रीवर १ टक्का कर भरावा लागतो. तो ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही आणि खरेदीवर किंवा भाड्यावर भरलेल्या जीएसटीची वजावटही मिळत नाही. म्हणजेच हा खर्चही वरच्या यादीत धरावा लागतो.

हातात किती पैसे हवेत?

अनामत, फर्निचर आणि पहिला माल यांत सगळी पुंजी संपवणे धोक्याचे. पहिले काही महिने विक्री अपेक्षेच्या निम्मी राहिली, तर आपल्या उदाहरणात दरमहा ४०,५०० रुपयांची तूट येते. चार महिन्यांत १ लाख ६२ हजार. ही रक्कम पहिल्या दिवसापासून बाजूला हवी.

कर्ज हवे असल्यास मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत ‘शिशू’, ५ लाखांपर्यंत ‘किशोर’ आणि १० लाखांपर्यंत ‘तरुण’ असे गट आहेत. किरकोळ व्यापाऱ्यांना २०२१ पासून ‘उद्यम’ नोंदणी खुली आहे आणि ती मोफत होते. त्यामुळे प्राधान्य क्षेत्रातील कर्जाचा लाभ घेता येतो. मात्र कर्ज वाढले की हप्ता वाढतो आणि रोजच्या विक्रीचा आकडाही वर सरकतो.

आकडा जुळत नसेल तर?

तीन पर्याय उरतात : लहान गाळा घेणे, मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्लीत जाणे किंवा जास्त नफा देणारा माल वाढवणे. तिन्हींनी गणित बसत नसेल, तर ती जागा सोडून द्यावी. सही होण्याआधी जागा सोडली तर एक मुहूर्त हुकतो. सही झाल्यावर सोडली तर लॉक-इनचे भाडे, फर्निचरचा खर्च आणि अनामतीचा काही भागही हातचा जाऊ शकतो.