तारेवरची पडवी

मार्चची सकाळ. आणे पठारावर साडेआठलाच ऊन चटकायला लागलंय. मावशीच्या ओसरीवर कपडे वाळत घालायची तार आहे, तिला कचऱ्याचा एक पुंजका लोंबतोय. वाळकी पानं, सालीचे तुकडे, अळ्यांची विष्ठा, बिस्किटाच्या पुड्याचा चकाकता कपटा, आणि हे सगळं कोळ्याच्या जाळ्याने घट्ट बांधलेलं. नवखा माणूस झाडूने ओढूनच काढील. पण नीट पाहिलं की कडेला रुपयाएवढं दार दिसतं आणि दारावर पुढे आलेलं इवलं छप्पर. पडवीच ती!

मी खांबाला टेकून गप्प बसलोय. मादी येते. मातकट पाठ, पिवळसर पोट, बाकदार चोचीत कोंबडीचं पीस. ती आत शिरते आणि सगळं घरटं थरथरतं. छातीने रेटून ती अस्तर बसवतेय. बाहेरून भिंत फुगल्यासारखी दिसते. जेमतेम दहा सेंटिमीटरचा जीव, वजन दहा ग्रॅमच्या आत. बांधकाम तिचं एकटीचं, पुढे अंडी उबवणंही तिचंच.

"अन् नर?"

"तो बघ, गाडीच्या आरशासंगं भांडतोय सकाळधरनं," मावशी म्हणते. ती त्याला फुलचुखी म्हणते; पुस्तकात तो जांभळा शिंजीर. आरशातल्या स्वतःलाच टोचा मारून दमला की तो बांधावरच्या पळसावर जातो. सावलीत काळा ठिक्कर दिसणारा पक्षी उन्हात वळला की निळा-जांभळा पेटतो. फांदीला धरून तो फुलात चोच घालतो, पाकळी दबते, आत दडलेले पुंकेसर वर येऊन त्याला घासतात. मग तेच परागकण घेऊन पुढचं फूल. पळसाला शेंगा धरायच्या तर हा पक्षी लागतो. पाण्याला तरसणाऱ्या या पठारावर ऐन उन्हाळ्याच्या तोंडी एवढी लाली टिकते, त्यात त्याचा वाटा आहे.

त्याच्या भाऊबंदांचं नशीब वेगळं. गिनीच्या आखातातल्या प्रिन्सिपे बेटावर एक शिंजीर आहे. सुमारे १४० चौरस किलोमीटरच्या त्या भूमीबाहेर तो जगात कुठेही नाही. आपल्याकडे १८३२ मध्ये कर्नल साइक्सने दख्खनच्या पक्ष्यांत लाल गळ्याचा एक शिंजीर नोंदवला. तो पश्चिम घाटाचा, त्या रानांपलीकडे तोही नाही. डोंगररांगच त्याचं बेट. मावशीच्या तारेवरचा मात्र ओमानपासून व्हिएतनामपर्यंत सापडतो. तरी मला या घडीला हे एकच घरटं दिसतंय, आणि ते पडू नये असं फार वाटतंय.

"लुगडी कुठं वाळत घालता मग?"

"कुपाटीवर. पिल्लं उडून जाईस्तवर तार तिची."

पदर खोचून ती उठते, जुनं फडकं घेऊन आरशावर बांधते. नर हँडलवर येऊन बसतो. फडक्याकडे मान तिरकी करून बघतो, एकदा टोचा मारतो, आणि पळसाकडे निघून जातो.