मेथाडोनची चिकित्सालये आणि शासनाची देखरेख

हेरॉइनच्या व्यसनात सापडलेल्या माणसाला दिवसातून अनेक वेळा ते द्रव्य घ्यावे लागते. ते न मिळाल्यास घाम, कंप, उलट्या आणि असह्य अंगदुखी सुरू होते. या यातना टाळण्याच्या धडपडीतच त्याचा दिवस संपतो. कामधंदा, संसार, प्रतिष्ठा ही सर्व मागे पडतात. मेथाडोन हे अफूसारखेच गुणधर्म असलेले, परंतु प्रयोगशाळेत तयार केलेले द्रव्य आहे. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ते प्रथम तयार केले. तोंडावाटे घेतलेल्या एका मात्रेचा प्रभाव सुमारे एक दिवस टिकतो. मात्रा योग्य असली तर रुग्णाला नशा चढत नाही आणि यातनाही होत नाहीत.

या गुणाचा उपयोग १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत डॉ. व्हिन्सेंट डोल आणि डॉ. मारी निसवांडर यांनी करून पाहिला. मधुमेही ज्याप्रमाणे इन्शुलिनच्या आधाराने सर्वसामान्य जीवन जगतो, त्याप्रमाणे व्यसनी माणसालाही दीर्घकाळ औषध देऊन स्थिर करता येईल, अशी त्यांची भूमिका होती. १९६५ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. उपचार घेणारे रुग्ण पुन्हा शाळेत व कामावर जाऊ लागले होते.

तथापि अमेरिकेत ही कल्पना कायद्याच्या विरोधात जाणारी होती. १९१४ च्या हॅरिसन कायद्याचा आधार घेऊन शासनाने व्यसनी रुग्णांना अफूजन्य औषधे लिहून देणाऱ्या डॉक्टरांवर खटले भरले होते. व्यसन हा रोग नसून गुन्हा आहे, ही दृष्टी त्यातून रूढ झाली. मेथाडोनला मान्यता देताना शासनापुढे दुसरीही एक अडचण होती. हे द्रव्य शरीरात सावकाश साठत जाते. उपचाराच्या आरंभी मात्रा घाईने वाढविली तर श्वास मंदावून रुग्ण दगावू शकतो. आणि सवय असलेल्या रुग्णाची नित्याची मात्रा लहान मुलाच्या पोटात गेली तर तेवढीही प्राणघातक ठरते. शिवाय, चिकित्सालयातील औषध चोरट्या बाजारात जाण्याचा धोका होताच.

म्हणून १९७२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सविस्तर नियम केले आणि १९७४ च्या कायद्याने चिकित्सालयांची नोंदणी मादक द्रव्य अंमलबजावणी प्रशासनाकडे सोपविली. व्यसनावरील उपचारासाठी मेथाडोन केवळ मान्यताप्राप्त चिकित्सालयातच मिळू लागले. साधे औषधाचे दुकान त्यातून वगळले गेले. कुलूपबंद साठा, मात्रांचा हिशेब, लघवीची तपासणी आणि परिचारिकेसमोर औषध पिणे हे नित्याचे झाले. रुग्णाला जवळजवळ रोज हजेरी लावावी लागे. ज्याचे घर दूर आणि कामाची पाळी पहाटेची, त्याला पुष्कळदा नोकरी आणि उपचार यांतून एकाची निवड करणे भाग पडे. उपचार सोडणारा माणूस पुन्हा हेरॉइनकडे वळला तर त्याच्या जिवालाच धोका असतो. त्यामुळे औषध बाहेर जाऊ नये म्हणून घातलेले निर्बंध रुग्णालाही बाहेर ठेवू लागले.

तपासणीचा रोखही बहुधा कागदपत्रांवर राहिला. १९९० मध्ये अमेरिकी संसदेच्या हिशेब-तपासणी कार्यालयाने २४ चिकित्सालयांची पाहणी केली, तेव्हा अनेक ठिकाणी औषध अपुऱ्या मात्रेत दिले जात असल्याचे आढळले. दप्तर नियमानुसार असूनही रुग्ण हेरॉइन घेत राहू शकत होता. १९९५ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने नियमांचा भार हलका करून वैद्यकीय निर्णयाला अधिक वाव देण्याची शिफारस केली. २००१ मध्ये ही देखरेख अन्न व औषध प्रशासनाकडून व्यसन व मानसिक आरोग्यविषयक सेवांच्या केंद्रीय यंत्रणेकडे आली. रुग्णालयांप्रमाणे चिकित्सालयांनीही स्वतंत्र संस्थांकडून गुणवत्तेची मान्यता मिळवावी, असे ठरले.

२०२० च्या कोरोना साथीत गर्दी टाळणे आवश्यक झाल्यामुळे स्थिर रुग्णांना २८ दिवसांपर्यंतचे औषध घरी नेण्याची मुभा मिळाली. त्यामुळे मोठा अनर्थ होईल ही भीती नंतरच्या अभ्यासांतून सर्वसाधारणपणे खरी ठरली नाही. २०२४ च्या नियमांनी ही सवलत कायम केली आणि किमान एक वर्षाचे व्यसन सिद्ध करण्याची जुनी अटही काढून टाकली. उपचाराच्या दुसऱ्या महिन्यापासून, चिकित्सकाला सुरक्षित वाटल्यास, २८ दिवसांच्या मात्रा देता येतात.

देखरेख अनावश्यक आहे, असा याचा अर्थ नव्हे. मेथाडोनसारख्या द्रव्यावर नियंत्रण राहिलेच पाहिजे. परंतु त्या नियंत्रणाचे यश कुलपात किती बाटल्या शिल्लक राहिल्या एवढ्यावरूनच मोजून चालत नाही. उपचाराला आलेली किती माणसे टिकली, जगली आणि कामाला लागली, हाही हिशेब शासनाने ठेवावा लागतो.