चांद्याच्या कोळशाला लागलेला कायदा

तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातली वरोऱ्याची कोळसा खाण १८७१ मध्ये सरकारने सुरू केली आणि १९०६ मध्ये ती बंद पडली. हिंदुस्थानातल्या खाणींचा पहिला कायदा मात्र १९०१ चा. म्हणजे पस्तीसपैकी तीस वर्षे इथल्या मजुराच्या डोक्यावरचे छत तपासण्याचे कायदेशीर बंधन कुणावरही नव्हते. खाण सरकारची, मग वेगळी तपासणी कशाला, असे कुणी म्हणेल. पण कोळशाचे गणित मालक पाहून बदलत नाही. भुयारात कोळशाचेच खांब सोडले तर छत टिकते. ते काढून घेतले तर टनांचा आकडा वाढतो. वर्धा खोऱ्यातला कोळसा हवा लागली की आतल्या आत तापतो, पेटतोही. म्हणून काम संपलेली भुयारे भिंत घालून बंद करावी लागतात, आणि त्यात वेळ व मजुरी जाते. सुरक्षिततेची प्रत्येक खबरदारी उत्पादनातून वजा होते. अशा ठिकाणी कोळसा काढणारा आणि पाहणारा एकच असता कामा नये, मग तो सरकार का असेना.

पहिले खाण तपासनीस जेम्स ग्रंडी कायद्याच्या आधीच, १८९४ मध्ये नेमले गेले. १९०२ मध्ये कलकत्त्यात तपासणीची कचेरी उघडली आणि १९०८ मध्ये ती धनबादला गेली. वरोऱ्यामागोमाग बल्लारपूरला कोळसा निघू लागला, तिथून धनबाद शेकडो कोस दूर. अपघाताची वर्दी देणे व्यवस्थापकावर बंधनकारक होते, पण वर्दी म्हणजे घडून गेल्याची खबर. रोजचे छत रोज पाहणारा माणूस खाणीच्या पगारावरच राहिला.

म्हणूनच मला वाटते, खाणींच्या कायद्याला खाण बदलणे जड गेले आणि माणसे हलवणे सोपे. १९२३ च्या कायद्याने तेरा वर्षांखालच्या मुलांना खाणीबाहेर काढले आणि भुयारातल्या कामाला आठवड्याचे ५४ तास ठरवले. ही कमाई मोठी, ती मी कमी लेखत नाही. १९२९ पासून बायकांना भुयाराबाहेर ठेवणे सुरू झाले, मध्य प्रांतातल्या कोळसा खाणींना त्यासाठी टप्प्याटप्प्याची मुदत मिळाली. यावरचा आक्षेप खरा आहे: नवरा कोळसा फोडी, बायको टोपली वाही, आणि बंदीने घरातली एक मजुरी गेली. संरक्षण हवेच होते. पण गेलेल्या मजुरीची भरपाई कायद्याने कुणाकडे मागितली नाही. आणि तो धोका खरोखरच बायकांसाठी असह्य मानला असता, तर १९४३ मध्ये युद्धाला कोळसा कमी पडताच बंदी उठली नसती. ती उठली, मध्य प्रांतातही. १९४६ मध्ये बायका पुन्हा वर आल्या. पुरुष त्याच छताखाली राहिले.