काळ्या कातळाखालील तेलाचा माग

सांगोल्याच्या परिसरांत विहीर खणूं लागलें कीं मुरुमाखालीं काळा कातळ लागतो. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा तो थर होय. त्यांत तेल निपजत नाहीं. तेल तयार होतें तें पाण्याच्या तळाशीं सांचलेल्या गाळांत, गाडल्या गेलेल्या सूक्ष्म जीवांपासून. आणि पाण्याहून हलकें असल्यामुळें तें सच्छिद्र वालुकाश्मांतून वर सरकत जातें.

दक्षिणेकडील कलादगी व आग्नेयेकडील भीमा या अतिप्राचीन गाळाच्या खोऱ्यांची उत्तर बाजू ह्याच कातळाखालीं दडली आहे. अशा जुन्या खडकांतून पूर्वीं तेल वाहिलें होतें काय, हें ओळखावें कसें? तेल निघून जातें, पण माग ठेवून जातें. वालुकाश्माच्या कणांवर गारेचे नवे स्फटिक चढतात, तेव्हां वाहत्या तेलाचे सूक्ष्म थेंब त्यांत कोंडले जातात. खडकाची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवून तीवर जंबुपार किरण सोडले असतां ते थेंब चमकूं लागतात. ऑस्ट्रेलियांत १०० कोटी वर्षांहून जुन्या वालुकाश्मांत असे थेंब सांपडले आहेत. राजस्थानांत बाघेवाला येथें तर १९९१ सालीं ५० कोटी वर्षांहून जुन्या खडकांत प्रत्यक्ष जड तेलच लागलें.

परंतु कातळाखालीं सर्वत्र गाळ असतोच असें नाहीं. कोयनेजवळ २०११ नंतर खोल छिद्रें घेतलीं, तेव्हां सुमारें ९३० मीटर लाव्ह्याखालीं थेट ग्रॅनाइटाच्या जातीचा खडक लागला. म्हणून प्रथम गाळ, मग थेंब, आणि शेवटीं तेल, हाच शोधाचा क्रम होय. केवळ खडकाच्या प्राचीनतेवर आशा बांधणें म्हणजे द्रव्य व श्रम दोन्ही व्यर्थ दवडणें होईल.