प्रथिनांची पेढी

ऑक्टोबर २०२४ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. अर्धं पारितोषिक डेव्हिड बेकर यांना मिळालं आणि उरलेलं अर्धं डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना विभागून. हसाबिस आणि जंपर यांच्या चमूने गूगल डीपमाइंडमध्ये घडवलेली ‘अल्फाफोल्ड’ ही संगणक-प्रणाली प्रथिनातल्या अमिनो आम्लांचा नुसता क्रम वाचून त्या प्रथिनाचा त्रिमितीय आकार सांगते. पन्नास वर्षं अडलेलं कोडं यंत्राने सोडवलं, असं सगळीकडे छापून आलं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. हे यंत्र ज्या शिदोरीवर वाढलं ती शिदोरी १९७१ पासून जगभरच्या प्रयोगशाळांनी एकेक मूठ घालून भरत आणली होती. तिचं नाव प्रोटीन डेटा बँक. माझं म्हणणं एवढंच की अल्फाफोल्ड समजून घ्यायचं तर आधी या पेढीचं खातं उघडून बघायला हवं; कारण यंत्राची ताकद आणि त्याच्या मर्यादा दोन्ही तिथेच लिहिलेल्या आहेत.

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची एक लांब माळ. पेशीत तयार होताच ती स्वतःभोवती गुंडाळली जाते आणि तिची एक ठरावीक घडी बसते. घडी बसली तरच बहुतेक प्रथिनं काम करतात. ख्रिश्चन अॅन्फिन्सन यांनी रिबोन्यूक्लिएज या प्रथिनाची घडी मोडून ती आपोआप पुन्हा बसते हे दाखवलं. म्हणजे घडीची सगळी सूचना माळेच्या क्रमातच असते. या कामासाठी त्यांना १९७२ चं नोबेल मिळालं. सूचना क्रमात आहे हे कळलं, तरी ती वाचता येईना. एका माळेच्या शक्य घड्या इतक्या असंख्य असतात की एकेक तपासत बसलं तर विश्वाचं वय पुरणार नाही. त्यामुळे प्रत्येक प्रथिनाचा आकार प्रयोगाने शोधणं एवढा एकच भरवशाचा मार्ग उरला.

तो मार्ग किती खडतर होता, हे नीट सांगायला हवं. आधी प्रथिन भरपूर आणि शुद्ध मिळवायचं. मग क्षारांच्या द्रावणात त्याचा इवलासा थेंब काचेवर उलटा टांगून ठेवायचा आणि स्फटिक धरतो का याची वाट बघायची. कधी तो आठवड्यात धरतो, कधी वर्षभरात शेकडो द्रावणं बदलूनही धरत नाही. स्फटिक मिळाला की त्यावर क्ष-किरण सोडायचे. समोर उमटतात ते नुसते ठिपके, आणि त्यांवरून अणूंच्या जागा काढायला लागणारी अर्धी माहिती फोटोत येतच नाही. ती आडवाटेने मिळवावी लागते. मॅक्स पेरुट्झ यांनी केंब्रिजमध्ये १९३७ च्या सुमारास हिमोग्लोबिन हाती घेतलं, आणि त्याचा पहिला ढोबळ आकार दिसला तो १९५९ मध्ये. डोरोथी हॉजकिन यांनी इन्सुलिनच्या स्फटिकाचं पहिलं क्ष-किरण छायाचित्र १९३५ मध्ये घेतलं, रचना हाती आली १९६९ मध्ये. त्या इन्सुलिनच्या चमूत ममन्नमना विजयन हे तरुण भारतीय संशोधक होते. पुढे त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रथिनांच्या स्फटिकशास्त्राची परंपरा उभी केली. एका प्रथिनामागे एका माणसाचं अर्धं आयुष्य, असा तो हिशेब होता.

हे श्रम कपाटांतल्या वह्यांत पडून राहू नयेत, म्हणून १९७१ मध्ये अमेरिकेच्या ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत वॉल्टर हॅमिल्टन यांच्या पुढाकाराने ही पेढी सुरू झाली. सुरुवातीची ठेव होती सात रचना. त्या काळची साधनं म्हणजे छिद्रांची कार्डं आणि चुंबकीय फिती, आणि फिती टपालाने जात. एका कार्डावर ८० खाने असत, म्हणून प्रत्येक अणूची नोंद ८० अक्षरांच्या एका ओळीत बसवली गेली: अणूचा क्रमांक, त्याचं नाव, तो कोणत्या अमिनो आम्लातला, मग लांबी-रुंदी-उंचीचे तीन आकडे, आणि शेवटाकडे तो अणू आपल्या जागी किती थरथरतो याचं माप. नंतर नवा, मोठा साचा आला, तरी ती ८० अक्षरांची ओळ आजही जगभर वाचली जाते. पुढे नियतकालिकांनी आणि पैसे देणाऱ्या संस्थांनी दंडक घातला की निबंध छापायचा तर रचना पेढीत जमा करायची, आणि ती कोणालाही फुकट मिळेल. जमा होणारी प्रत्येक रचना तपासली जाते. त्या तपासणीत जी. एन. रामचंद्रन यांनी सहकाऱ्यांसह मद्रासमध्ये १९६३ साली मांडलेला आलेखही असतो. माळेचे सांधे कोणत्या कोनांत वळू शकतात आणि कोणत्या नाही, हे तो सांगतो. न बसणारे कोन दिसले की रचना सरळ परत जात नाही, पण तिच्या अहवालात ती नोंद कायम राहते. जानेवारी २०२३ मध्ये रचनांची संख्या २ लाखांच्या पुढे गेली. एक रचना नव्याने करायची तर सरासरी १ लाख डॉलर लागतील, असा पेढी सांभाळणाऱ्यांचाच अंदाज आहे. त्या हिशेबाने ही २००० कोटी डॉलरची सार्वजनिक संपत्ती झाली.

आता यंत्राकडे. १९९४ पासून दर दोन वर्षांनी ‘कॅस्प’ नावाची चाचणी होते. ज्या प्रथिनांची रचना प्रयोगाने नुकतीच मिळाली आहे पण जाहीर झालेली नाही, त्यांचे क्रम स्पर्धकांना दिले जातात आणि आकार ओळखायला सांगितलं जातं. २०२० च्या चाचणीत अल्फाफोल्डच्या दुसऱ्या आवृत्तीने शंभरपैकी सुमारे ९२ असा मध्यक गुण मिळवला. तिच्या शिक्षणाला पेढीतल्या सुमारे १ लाख ७० हजार रचना लागल्या, आणि जोडीला निरनिराळ्या सजीवांच्या प्रथिनांचे कोट्यवधी क्रम. क्रमांचा उपयोग असा. घडीत एकमेकांना टेकणारी दोन अमिनो आम्लं ही दार आणि चौकटीसारखी असतात. चौकट फुगली की दार रंधून घ्यावं लागतं. उत्क्रांतीत एक बदललं की जोडीचं दुसरंही बदलतं. माणूस, उंदीर, मासा, यीस्ट यांच्यातलं तेच प्रथिन शेजारी शेजारी ठेवलं की कोणत्या दोन जागा जोडीने बदलत आल्या ते दिसतं, म्हणजेच कोण कोणाला टेकलं आहे तेही. या खुणांवरून अख्खी घडी कशी बसते, हे मात्र यंत्र पेढीतल्या रचना पाहूनच शिकलं.

यावर जाणकारांचा एक आक्षेप येतो आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. जुन्या रचना पाहून शिकलं असलं तरी आता यंत्राला घडीचं भौतिकशास्त्रच उमगलं आहे, शिडी चढून झाल्यावर शिडीची गरज काय, असं ते म्हणतात. त्यांच्या बाजूने पुरावा मोठा आहे. मानवी प्रथिनांतल्या एकूण अमिनो आम्लांपैकी १७ टक्क्यांच्याच जागा प्रयोगांतून माहीत होत्या. २०२१ मध्ये अल्फाफोल्डने ५८ टक्क्यांच्या जागा खात्रीने सांगितल्या. २०२२ च्या जुलैपर्यंत युरोपियन बायोइन्फर्मॅटिक्स संस्थेच्या मदतीने २० कोटींहून जास्त अंदाजित रचना खुल्या झाल्या. अर्धशतकाच्या ठेवीपेक्षा ही हजारपट मोठी रास आहे. पण याच यंत्राची एक सवय पाहा. दुसरी आवृत्ती फक्त प्रथिनाची माळ जाणते. प्रथिनात बसणारा हिम हा लोहाचा गट किंवा जस्ताचा अणू तिला दिलेलाच नसतो. तरीही ती अशा प्रथिनाची घडी घालताना त्या गटासाठी नेमका कप्पा मोकळा सोडते, जस्ताला धरणाऱ्या बाजूच्या शाखाही तशाच वळवून ठेवते. हाती नुसतं भौतिकशास्त्र असतं, तर आत काही नसताना तो कप्पा मिटला असता. पेढीतल्या रचनांमध्ये तिथे हिम होता, म्हणून यंत्राने जागा सोडली. निष्कर्ष बरोबर, आणि तो पाहिलेल्या नमुन्यांतून आलेला. म्हणजे नमुना जिथे नाही तिथे सावध राहायला हवं.

ही सावधगिरी कुठे लागते ते महाराष्ट्रात वेगळं समजावून सांगायला नको. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार घराघरांत ठाऊक आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात, त्यांतलं सहावं बदलतं: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. बस, एवढंच. साखळीची घडी जवळपास तशीच राहते, त्यामुळे अल्फाफोल्डला दोन्ही क्रम दिले तर दोन्ही चित्रं जवळपास सारखीच येतात. चूक चित्राची नाही. आजार एका रेणूच्या घडीत नाहीच. हिमोग्लोबिनच्या पृष्ठभागावर ते व्हॅलिन चिकट टोकासारखं बाहेर असतं आणि ऑक्सिजन सुटला की शेजारच्या रेणूवरच्या एका खोबणीत, ८५ वं फिनाइलअॅलनिन आणि ८८ वं ल्युसिन यांच्यामध्ये, जाऊन बसतं. असे रेणूमागून रेणू जुळले की लांब दोरे तयार होतात आणि रक्तपेशी कोयत्यासारखी वाकते. ही खोबण कोणी पाहिली? आजारी हिमोग्लोबिनचे स्फटिक करून त्यांवर क्ष-किरण सोडणाऱ्यांनी. एकाच अमिनो आम्लाच्या बदलाचा परिणाम सांगण्यासाठी अल्फाफोल्ड पारखलेलं नाही, हे त्याची रास सांभाळणारी संस्थाही स्पष्ट सांगते. २०२३ मध्ये त्याच घराण्यातलं ‘अल्फामिसेन्स’ आलं. बदल घातक असण्याची शक्यता किती ते त्यातून कळतं, पण घात कसा होतो हे कळत नाही, आणि औषध शोधणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

दुसरी बाजू मी झाकून ठेवणार नाही. पेढी स्वतःही निर्दोष नाही. ज्या प्रथिनांचे स्फटिक धरतात ती तिच्यात जास्त आहेत. पेशीच्या पडद्यात रुतलेली, सैल, सतत आकार बदलणारी प्रथिनं कमी आहेत. स्फटिकातलं चित्र गोठलेलं असतं, पेशीतलं प्रथिन हलतं. हे सगळे कल यंत्राकडे वारशाने आले. म्हणूनच प्रयोग थांबवून चालणार नाही, उलट जिथे साठा विरळ आहे तिथे तो मुद्दाम वाढवायला हवा. यंत्र आणि प्रयोग एकत्र आले की काय होतं, याचं उत्तम उदाहरण पेशीकेंद्रकाच्या छिद्राचं आहे. जवळपास हजार प्रथिनरेणूंचं ते अवाढव्य दार. नमुने गोठवून पाहणाऱ्या क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्याचा एकूण आकार दिला, अल्फाफोल्डने सुट्या भागांच्या घड्या दिल्या, आणि २०२२ मध्ये मानवी छिद्राच्या सांगाड्याचा बहुतेक भाग जुळवता आला. स्फटिकशास्त्रातली ती हरवलेली अर्धी माहितीही आता अनेकदा अल्फाफोल्डचा अंदाज सुरुवातीला धरून मिळवतात. यंत्राचा अंदाज हे उत्तम गृहीतक आहे, आणि ते तसंच वापरणाऱ्यांचं काम झपाट्याने पुढे जातं.

उरतो प्रश्न मालकीचा. पेढी खुली होती म्हणून एका खासगी कंपनीला तिच्यावर यंत्र शिकवता आलं, यात गैर काहीच नाही. खुलेपण त्यासाठीच असतं. पण मे २०२४ मध्ये अल्फाफोल्डच्या तिसऱ्या आवृत्तीचा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा त्यासोबत आज्ञावली दिलेली नव्हती. शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून आक्षेप घेतला, आणि नोव्हेंबरमध्ये ती शैक्षणिक वापरापुरती मिळाली. मला हा आक्षेप पूर्णपणे रास्त वाटतो. लोकांच्या पैशाने भरलेल्या कोठारातून बियाणं नेलं, तर पीकही तपासायला मिळालं पाहिजे. आणि कोठार भरतं ठेवण्याचा खर्च सरकारांनीच करायचा आहे. आपल्याकडे इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर प्रथिन-स्फटिकांसाठी क्ष-किरणांची वाट आहे. अशा सोयींना अनुदान देताना ‘आता तर संगणकच सांगतो’ ही सबब पुढे आली, तर ती खोडून काढायला वरचा सिकलसेलचा दाखला पुरेसा आहे.

अल्फाफोल्डच्या रचनाही त्याच ८० अक्षरांच्या ओळीत उतरवता येतात. फरक एका रकान्याचा: प्रयोगाच्या फाइलीत जिथे अणूच्या थरथरीचं माप असतं, तिथे अल्फाफोल्ड स्वतःच्या खात्रीचा आकडा लिहितं. पडद्यावर तोच आकडा रंग होऊन दिसतो, गडद निळा म्हणजे पक्की खात्री आणि नारिंगी म्हणजे भरवसा ठेवू नका. जीवशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांनी, विशेषतः विदर्भातल्या आणि खानदेशातल्या, एकदा वर्गात हे दोन्ही उघडून दाखवावं. पेढीत २एचबीएस या सांकेतिक नावाने सिकल हिमोग्लोबिनची रचना आहे. तिच्यातलं सहावं व्हॅलिन आणि शेजारची खोबण मुलांना बोटाने दाखवता येते. त्यासाठी शुल्क नाही, नावनोंदणीही नाही. आणि दर बुधवारी, भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाचला, तिथे नव्या रचना खुल्या होतात.